रोदिओनचं बिनफळाचं झाड

मे महिना लागला आणि अनफिसा येगोरोव्नाचं कशात म्हणून चित्त लागेना. बटाट्याचं बियाणं निवडायला घेतलं, ते अर्धवट टाकलं. वाफेच्या न्हाणीतलं बाकडं घासायला घेतलं, बादली तिथेच सोडून बाहेर आली. कुंपणाशी गेली, बागांच्या ओळीच्या मध्यावर नजर टाकली, पुन्हा आत गेली. त्रेसष्ट वर्षांची बाई, कारखान्यात बत्तीस वर्षं क्रेन चालवलेली. वितळलेलं लोखंड माणसांच्या डोक्यावरून नेताना जिचा हात कधी हलला नाही, तिच्या हातातला कप आता बशीवर खुळखुळ वाजत होता.

कारण एकच. कपितोन नझारिच आपलं झाड उपटणार होते, आणि ते उपटायचं काही एक कारण नाही हे सगळ्या ओळीत फक्त अनफिसाला ठाऊक होतं.

बातमी आणली शेजारच्या झिनाने, कुंपणावरून, पिठाच्या हातांनीच.

"मावशी, ऐकलंत का? म्हातारबुवा म्हणतायत, जूनच्या मध्यापर्यंत फळ धरलं नाही तर मुळासकट काढायचं. बारा वर्षं पोरासारखं वाढवलं, आता म्हणतात वांझ निघालं."

"वांझ म्हणाले?"

"त्यांच्याच तोंडचा शब्द. म्हणाले, 'आयुष्यात दोनशे रोपं मी याच नियमाने उपटली, आता स्वतःचं लाडकं म्हणून याला सोडू होय?' काय माणूस आहे बाई! देवाने घडवताना जरा जास्तच भाजला." झिना हसली. "तुम्हाला काय झालं? चेहरा का असा?"

"मला काय होतंय? भट्टीत लाकूड घालायचंय," अनफिसा म्हणाली आणि आत निघून गेली. न्हाणीची भट्टी त्या दिवशी पेटवायचीच नव्हती.

आता हे झाड म्हणजे ओब्लेपिखा. उरलच्या थंडीत सफरचंद गोठतं, चेरी काळी पडते, पण या काटेरी झुडपाला उणे चाळीसचं काही वाटत नाही. सप्टेंबरात नारिंगी फळं फांदीला अशी चिकटून येतात की साल दिसत नाही. तलावाकाठी कारखान्याने प्रत्येक कामगाराला बागेसाठी सहा आर, म्हणजे सहाएक गुंठे, जमीन दिली होती, आणि आमच्या त्या ओळीत ओब्लेपिखाचं एक झाड असं नव्हतं की ज्याची काडी नझारिचच्या हातून आली नव्हती. ओतकाम विभागात लाकडी साचे करायचे ते. हात सुताराचा, मन माळ्याचं. मार्चमध्ये बर्फ पायाखाली टणक झाला की कात्री घेऊन फिरायचे, पेन्सिलीएवढ्या जाड काड्या निवडायचे, जुड्या बांधून बर्फाच्या ढिगात पुरायचे आणि वर लाकडाचा भुसा टाकायचे. मे आला की जुड्या काढून पाण्याच्या बरण्यांत खिडकीशी. काडीच्या बुडाशी पांढरे ठिपके आले की वाळूत. मग दारोदार वाटत फिरायचे. शंभर काड्यांतल्या नव्वद जगायच्या. बाकीच्यांच्या दहा जगल्या तर ते मेजवानी द्यायचे.

पण स्वतःचं एक झाड त्यांनी कुणाला दिलं नव्हतं. ते काडीवर आलेलं नव्हतंच, बियाण्यातून उठलेलं होतं. एकुलतं एक. काटा जवळजवळ नाही, फळ टपोरं, आणि देठाशी फाटून रस गळत नाही. ज्याने कधी ओब्लेपिखा तोडून कोपरापर्यंत हात पिवळे करून घेतलेत त्यालाच याची किंमत कळेल. तीन वर्षं त्याने भरभरून दिलं. सगळे मागे लागले, एक काडी द्या. नझारिच म्हणायचे, "पाच पिकं बघितल्याशिवाय मी काडी देत नाही. माणूस पाच वर्षांत खरा कळतो, झाडही." आणि चौथ्या वर्षी फळ आलं नाही. पाचव्याही वर्षी नाही. नुसतं त्यालाच नव्हे, अख्ख्या ओळीत कुणालाच.

का आलं नाही? तर ओब्लेपिखात नर वेगळा, मादी वेगळी. नराला फळ नाही, नुसता पिवळा पराग, आणि तो वाऱ्यावर जातो. नझारिचनी ओळीत चार जणांना नर झाडं देऊन ठेवली होती, बजावून. पण सहा आरांत माणूस काय काय लावणार? बटाटा हवा, कोबी हवा, टोमॅटोचं काचघर हवं. त्यात एक आडदांड काटेरी झुडूप, जन्मात एक फळ न देणारं! एकाचं एकोणऐंशीच्या उणे पन्नासच्या थंडीत गेलं, त्याने पुन्हा लावलं नाही. दुसऱ्याने काचघरासाठी काढलं. तिसऱ्याने काही न सांगताच काढलं. प्रत्येकाला वाटलं, आपलं गेलं तर गेलं, रोदिओनचं आहे की. रोदिओन म्हणजे अनफिसाचा नवरा. त्यांची जागा ओळीच्या टोकाला, जंगलाकडून वारा येतो त्या बाजूची. तो दर वसंतात म्हणायचा, "फिसा, याला हात लावायचा नाही. हे आपलं एकट्याचं नाही."

रोदिओन मार्चमध्ये गेला. आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात अनफिसाने ते झाड काढून तिथे न्हाणी बांधली.

खरं सांगायचं तर राग होता तिला. कशाचा, ते तिलाही धड सांगता आलं नसतं. नवरा गेला, आणि हे दांडगं, काटेरी, आयतं खाणारं झुडूप मात्र दिमाखात उभं. जावई वादिक करवत घेऊन आला होता, त्याला म्हणाली, "आधी हे काढ." दुपारपर्यंत झाड आडवं झालं, मुळं खणून निघाली, जाळून झाली. पुढच्या उन्हाळ्यात इकडे तिकडे कोंब वर आले, तेही तिने तणासारखे ओढून टाकले. ओळीत कुणी विचारलंसुद्धा नाही. ज्याला फळ नाही त्याच्याकडे बघतो कोण! आणि आपापला नर घालवून बसलेले तिघे कशाला तोंड उघडतील?

विचारलं ते फक्त नझारिचनी. पहिल्या रिकाम्या उन्हाळ्यानंतर, पाण्याच्या पंपापाशी, सगळे बादल्या घेऊन उभे असताना. त्यांना तेव्हा मोतीबिंदूने जवळजवळ दिसत नव्हतं. ओळीच्या टोकापर्यंत एकटं यायचं त्यांनी सोडलं होतं.

"येगोरोव्ना, रोदिओनचा नर उभा आहे ना?"

सगळ्यांनी माना वळवल्या. आणि अनफिसाच्या तोंडून निघून गेलं, "उभा आहे की."

एवढंच. विचार करून बोलली असती तर गोष्ट वेगळी. पण गेलं तोंडून. मग दुसऱ्या वर्षी पुन्हा विचारलं तेव्हा पहिलं खोटं निस्तरायला दुसरं आलंच: "उभा आहे, नझारिच. कळ्यांचे डोळे चांगले टपोरे धरलेत." हे वर जोडायची काय गरज होती? पण खोटं बोलणाऱ्याला नुसतं खोटं पुरत नाही, त्याला कोंदण लागतं. नझारिचनी मान डोलावली होती. त्यांच्यापुरता हिशेब संपला होता. नर आहे, वारा आहे, तरी फळ नाही, म्हणजे दोष झाडांत. "काडीवरून काडी, तिच्यावरून आणखी काडी, तीस वर्षं करत आलो. माझ्याच हाताने सगळ्यांचं रक्त पातळ केलं," ते म्हणाले. "आणि माझं बियाण्याचं तर वांझच." त्यानंतरच्या मार्चमध्ये त्यांनी एकही जुडी बर्फात पुरली नाही.

तीनदा अनफिसा त्यांच्या फाटकापर्यंत गेली होती. एकदा सारण भरलेल्या गरम पिरोगांची ताटली घेऊन. पिरोग देऊन आली, बोलायचं ते तसंच पोटात घेऊन आली. काय सांगणार? की तुमची आयुष्यभराची मेहनत मी घाम काढायच्या खोलीपायी फुकट घालवली, आणि वर दोनदा तोंडावर खोटं बोलले? त्यापेक्षा गुपचूप दुरुस्त करावं. फळ धरलं की झालं! मग कोण विचारतंय नर कुठला? जूनच्या मध्यापर्यंत वेळ होता आणि फुलायला अजून चारपाच दिवस.

झिनाने बातमी आणली त्याच्या दुसऱ्या दिवशी तिने छाटणीची कात्री, जुनी चादर आणि दोरी पिशवीत घातली आणि पहिल्या बसने तलावाच्या पलीकडच्या बागांमध्ये गेली. तिथे तिला ओळखणारं कुणी नव्हतं. नर फुलायच्या आधी तोडून पाण्यात ठेवला तर पाण्यातच फुलतो आणि पराग देतो, हे तिला रोदिओनकडून माहीत होतं. ओळखायचा कसा तेही. मादीचा डोळा बारीक, फांदीला दबून असलेला; नराचा जाडजूड, खवल्याखवल्यांचा, पाइनच्या इवल्याशा बोंडासारखा.

अर्धा दिवस मागच्या गल्ल्यांतून कुंपणं चाचपत फिरली. मादी, मादी, मादी. इथलीही माणसं काही वेगळी नव्हती! शेवटी एका पडक्या कुंपणाच्या आत कोपऱ्यात सापडला. माणसापेक्षा उंच, डोळ्यांनी लगडलेला. अनफिसाने इकडे तिकडे पाहिलं, कुंपणातून हात घातला आणि कात्री चालवली. एक, दोन, चार. सातवी फांदी ओढताना ओव्हरकोट काट्यात अडकला, आणि त्याच वेळी मागून आवाज आला.

"अहो बाई! अहो, डोळे आहेत का जागेवर?"

अनफिसा गारठली. कुंपणाच्या आत एक जाडजूड बाई रबरी बूट घालून उभी होती, हातात खुरपं.

"मी... नुसती जरा..."

"जरा काय? चोरायचं तर निदान फळाचं तरी चोरा! चोरीची काडी चांगली लागते म्हणून सगळी दुनिया माझ्या कुंपणात हात घालते, पण याला आजवर कुणी शिवलं नव्हतं. हा आमचा आळशी. पंधरा वर्षांत एक दाणा दिला नाही. हा बघा इकडे, हा फळाचा, हा घ्या दोन काड्या!"

"मला आळशीच हवाय," अनफिसा म्हणाली. आणि काय झालं कुणास ठाऊक, तिच्या डोळ्यांत पाणी आलं. अनोळखी बाईसमोर, कुंपणात अडकलेल्या कोटासकट.

बाईने तिच्याकडे नीट पाहिलं. ती ग्लाफिरा, पुढे तिने नाव सांगितलं. "तुमच्याकडचा मेला का?"

"मारला."

"हं." ग्लाफिराने खुरपं खाली ठेवलं, कोट सोडवला, आणि स्वतःची मोठी कात्री आणून अनफिसाला दोन्ही हातांत मावणार नाहीत एवढ्या फांद्या काढून दिल्या. चादर ओली करून गुंडाळून दिली. अनफिसा आभार मानायला तोंड उघडते तोच ती ओरडली, "खबरदार! झाडाचे आभार मानायचे नाहीत, वाळून जाईल! गप बसमध्ये बसा." अनफिसा गप बसमध्ये बसली. ड्रायव्हरने गुंडाळीकडे बघून विचारलं, प्रेत नाही ना, तर त्यालाही उत्तर दिलं नाही.

पहाटे उजाडताच तिने अकरा बरण्या काढल्या. काकडीच्या लोणच्याच्या, तीन तीन लिटरच्या. पाणी भरून, फांद्या खोचून, न्हाणीच्या छपरावर आणि मागच्या कुंपणाच्या खांबांना जितक्या उंच बांधता येतील तितक्या बांधल्या. दोन दिवसांत उन्हाने डोळे उघडले. बोट लावलं की पिवळी पूड. आता हवा होता फक्त वारा.

आणि वारा पडला! असा पडला की तलावावर एक सुरकुती नाही. मे महिन्यात आमच्याकडे वारा टोप्या उडवतो, खिडक्या फोडतो, आणि नेमका त्या तीन दिवसांत गायब. माद्या फुलल्या होत्या. ती फुलं काय दिसतात म्हणून सांगू, हिरवट ठिपके नुसते, चारपाच दिवसांची पाहुणी. पहिला दिवस गेला. अनफिसा दर तासाला थुंकीने बोट ओलं करून हवेत धरायची. दुसरा दिवस गेला. ती आवाज न करता आभाळाला शिव्या देत होती. जेवण जात नव्हतं, घोटभर चहा घेऊन पुन्हा बाहेर. तिसऱ्या दिवशी तिने मोठी चादर घेतली, शिडीवर चढली आणि फांद्यांना वारा घालायला लागली. फडाफड, फडाफड.

"मावशी, हे काय चाललंय?" झिनाचं डोकं कुंपणावर आलं.

"चादर झटकतेय."

"छपरावर?"

"तुमच्याकडे जमिनीवर झटकत असतील! आम्ही क्रेनवाल्या, आम्हाला उंचीवरच जमतं. जा, तुझी कणीक वाळेल."

झिना गेली, पण जाताना बरण्यांकडे बघून भुवया चढवून गेली.

चौथ्या दिवशी, गुरुवारी, सकाळी दहाच्या सुमारास जंगलातल्या बर्चच्या झाडाची शेंडी हलली. मग सगळी रांग हलली. वारा आला तो खऱ्या मेचा वारा, दार आपटणारा. बरण्यांतल्या फांद्यांवरून पिवळा धूर उठला आणि ओळीवरून थेट तलावाकडे गेला. अनफिसा न्हाणीच्या पायरीवर मटकन बसली. हसू येत होतं, रडू येत होतं. गेलं! पोचलं! आता धरेल. तिने डोक्याचा रुमाल नीट बांधला. नझारिचना आता काहीतरी सांगून ठेवायला हवं होतं, खरं नाही, पण काहीतरी, की यंदा घाई करू नका, माझं मन सांगतंय.

ती वाटेला लागली. वारा पाठीशी होता. अर्ध्या वाटेवर तिला धुराचा वास आला.

नझारिचच्या जागेत शेकोटी पेटली होती. शेकोटीपाशी वादिक, तिचा स्वतःचा जावई, बाह्या सरसावून उभा. मागे जिथे झाड होतं तिथे काळ्या मातीचा खड्डा. नझारिच पायरीवर बसले होते, नवा कोट घालून, शेजारी बांधलेली बॅग.

"या, सासूबाई!" वादिक ओरडला. "आजोबांची लेक दुपारी गाडी घेऊन येतेय, मोठ्या शहरात डोळ्याचं ऑपरेशन ठरलंय. जूनमध्ये असणार नाहीत म्हणून म्हणाले, आजच उरकून टाक. मुळं जळाली, आता फांद्या..." त्याने एक मोठी फांदी उचलली.

"टाकू नकोस!"

असा आवाज तिने क्रेनवरूनच दिला असेल कधीतरी. वादिकच्या हातून फांदी गळली. अनफिसा धावली, शेकोटीत हात घातला, जळती टोकं ओढून बाहेर काढली, बुटांनी तुडवली. घागऱ्याची कड करपली. वादिक "अहो, अहो" करत मागे सरकला.

"कोण आहे? येगोरोव्ना?" नझारिच उठून उभे राहिले. काठी चाचपत होते. "काय चाललंय? जाळू दे की. वांझ झाडाला काय मेणबत्ती लावायची?"

"ते वांझ नाही."

"मला शिकवतेस?"

"नझारिच, नर नाहीये." ती धापा टाकत होती. एका हातात अर्धवट जळलेली फांदी. "रोदिओनचा नर नाहीये. उभा नाही. मी काढला. याच्याकडून काढवला. तो गेला त्याच वर्षी, ऑक्टोबरात. तुम्ही विचारलंत तेव्हा नव्हता, दुसऱ्यांदा विचारलंत तेव्हाही नव्हता. टपोरे डोळे वगैरे सगळं मी बनवून सांगितलं. तिथे न्हाणी आहे."

वाऱ्याने धूर नझारिचच्या अंगावर आणला, पण ते हलले नाहीत. ओठ हलत होते. ते वर्षं मोजत होते.

"ऑक्टोबर," ते शेवटी म्हणाले. "पंच्याऐंशीचा?"

"पंच्याऐंशीचा."

"आणि त्या उन्हाळ्यात शेवटचं पीक आलं. त्यानंतर नाही." त्यांची काठी खाली पडली. "म्हणजे ते वांझ नव्हतं."

"नव्हतं."

"आणि काड्याही माझ्या चांगल्या होत्या. सगळ्यांच्या."

"चांगल्या होत्या, नझारिच."

म्हाताऱ्याचा चेहरा असा उजळला की अनफिसाला बघवेना. ती शिव्यांची तयारी करून आली होती. हे सोसायची तयारी नव्हती. "नव्हतं!" ते वादिकला म्हणाले, जणू त्याला पेढाच देत होते. "ऐकलंस, पोरा? बारा वर्षं! वांझ नव्हतं!" मग ते वळले, खड्ड्याच्या दिशेने, मातीचा वास येत होता तिकडे. आणि तो उजेड हळूहळू उतरला.

"मूर्ख बाई," ते म्हणाले. आवाज चढत गेला. "महामूर्ख! चार दिवसांपूर्वी आली असतीस! काल आली असतीस! मी तुला खाल्लं असतं का? एक शब्द, 'नाही' एवढा एक शब्द! बत्तीस वर्षं माणसांच्या डोक्यावरून लोखंड नेलंस, आणि एक शब्द उचलला नाही तुझ्याच्याने?"

"नाही उचलला," अनफिसा म्हणाली. आता ती उघड रडत होती. "पराग आणला होता. पलीकडून. आज वारा आला, आताच पोचला असेल इथवर."

"कुणासाठी? खड्ड्यासाठी?"

वादिक बुटाच्या टोकाने राख ढकलत होता.

नझारिचनी पायाने खड्ड्याची कड चाचपली. मग खाली बसले, नव्या कोटासकट मातीत, आणि हात पुढे केला. "किती उरलंय?"

"अर्धं. थोडं कमी."

"वरच्या फांद्या टाकून दे, त्या फुलल्या, त्यांच्यात आता जीव नाही. खालच्या बघ, उत्तरेकडच्या, सावलीत होत्या त्या. तिथले डोळे अजून झोपेत असतील. दे इकडे." तिने दिलेल्या फांदीवरून त्यांची बोटं फिरली. एक बोट थांबलं, पुढे गेलं, पुन्हा थांबलं. "ही. इथून. वीतभर. खालचा काप तिरका, डोळ्याच्या लगेच खाली. चाकू आहे का? वादिक, चाकू दे तिला. आणि बादलीभर पाणी आण, गार, उन्हातलं नको."

"लागतील का?" अनफिसाने विचारलं.

"मे महिन्यात? फुलताना तोडलेल्या? शंभरात पाच लागल्या तर गुडघे टेकून देवाला नमस्कार कर. एकही लागणार नाही असंच धर." त्यांनी पुढची फांदी मागितली. "काप. बोलू नकोस."

ती कापत होती, ते चाचपून सांगत होते. ही जाड, फेक. ही कोवळी, फेक. ही घे. तिचा हात आता थरथरत नव्हता, थरथरायला वेळच नव्हता. दुपारी फाटकाशी गाडी वाजली, लेक लिदा आली, वडील मातीत बसलेले बघून किंचाळली. त्यांनी तिला हात करून थांबवलं. बादलीत एकोणचाळीस काड्या झाल्या होत्या.

"छायेत ठेवायच्या. पाणी रोज बदलायचं. पांढरे ठिपके दिसले की वाळूत, वर कागद, कागदाला आतून दव असलं पाहिजे," नझारिच उठताना म्हणाले. लिदा त्यांचा कोट झटकत होती, ते तिला झटकू देत नव्हते. "मी महिनाभर तिथे पडून असणार, डोळ्यांवर पट्टी. दवाखान्यात वॉर्डात फोन आहे. तू रोज संध्याकाळी बागांच्या सोसायटीच्या कचेरीत फोनवर जायचंस आणि मला सांगायचंस किती उभ्या आहेत. आकडा सांगायचा. बाकी मला काही नको."

"सांगेन."

"वीस मेल्या तर वीस मेल्या."

"हो."

"सगळ्या मेल्या तरी."

अनफिसाने चाकू घागऱ्याला पुसला. लिदा गाडीचं दार उघडून घाई करत होती, वारा अजून होता, आणि म्हातारा जागचा हलत नव्हता, कान तिच्याकडे करून उभा होता.

"सगळ्या मेल्या तरी सांगेन, नझारिच," ती म्हणाली, आणि बादली उचलून सावलीकडे निघाली.